चिठ्ठ्या टाकून मिळालेली जागा

माइनक्राफ्टमध्ये सगळे खेळाडू साधारण एकाच ठिकाणी अवतरतात. मग जवळची झाडे नि गुहा चपळांच्या हाती लागतात, उशिरा आलेल्याच्या वाट्याला ओरबाडलेले रान येते. स्पर्धेत हे टाळायचे तर ‘स्प्रेडप्लेअर्स’ ही आज्ञा वापरावी, असे माझे ठाम मत आहे. ‘/स्प्रेडप्लेअर्स ० ० २०० १००० फॉल्स @ए’ असे आयोजकाने लिहिले की नकाशाच्या मध्यापासून दोन्ही दिशांना १००० ठोकळ्यांच्या चौकोनात सगळे विखुरले जातात. कोणत्याही दोघांत किमान २०० ठोकळ्यांचे अंतर राहते. खेळाडू जमिनीच्या पृष्ठभागावर उतरतो, पाण्यात किंवा लाव्हात नाही. जागा अपुरी पडली, तर आज्ञा चक्क नकार देते.

यावर आक्षेप असा, की एकाला जंगल आणि दुसऱ्याला वाळवंट मिळाले तर न्याय कुठला? आक्षेप खरा आहे. जमीन सारखी मिळेल अशी हमी ही आज्ञा देत नाही. पण चौकोन लहान ठेवून, एकसारखा प्रदेश निवडून ही तफावत आयोजकाला कमी करता येते. मित्रांची ताटातूट होते, ही तक्रारही टिकत नाही. ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिले की एका संघातले सगळे एकत्रच उतरतात. नशीब इथेही असतेच, पण ते कुणाच्या मर्जीवर चालत नाही. म्हणूनच हरणाऱ्यालाही निकाल मान्य होतो.