विजेच्या भोवऱ्यांवर कॉम्प्युटर चालेल का?

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी दुतोंड्या मारुतीकडे बघतात: पाणी कमरेला लागलं की गळ्याला? त्या पुरात भोवरे फिरत असतात. तसेच भोवरे सुपरकंडक्टरमध्येही असतात, फक्त पाण्याचे नाहीत, विजेचे.

सुपरकंडक्टर म्हणजे खूप थंड केल्यावर ज्यातून वीज बिनअडथळा वाहते असा पदार्थ. नायोबियम धातू उणे २६४ अंशांखाली असा होतो. एरवी तो चुंबकीय क्षेत्राला आत घेत नाही. पण क्षेत्र वाढलं की ते धाग्यांसारखं आत घुसतं आणि प्रत्येक धाग्याभोवती प्रवाह गोल फिरत राहतो. हाच भोवरा. अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी हे १९५७ साली मांडलं, नोबेल मिळालं २००३ मध्ये!

भोवरा आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एकच भोवरा मेमरीचा बिट म्हणून वापरून दाखवला. पण मेमरी वेगळी आणि लॉजिक वेगळं. त्यासाठी भोवऱ्यांचा एक स्वभाव कामी येतो: ते एकमेकांना दूर ढकलतात. चौकोनी तुकड्याच्या चार कोपऱ्यांत भोकं पाडून दोन भोवरे सोडले, तर ते तिरक्या समोरच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. अशा जोड्या दोनच, म्हणून एक ० आणि दुसरी १. शेजारी तसाच चौकोन ठेवला की पहिल्यातले भोवरे दुसऱ्यातल्यांना ढकलून स्वतःसारखं बसवतात. तारेतून करंट न पाठवता निरोप पुढे! मधल्या चौकोनाला तीन बाजूंनी तीन चौकोन लावले तर तो बहुमत मानतो, आणि त्यातूनच 'अँड' आणि 'ऑर' गेट मिळतात. ही कल्पना मुख्यतः गणितात आणि सिम्युलेशनमध्ये तपासलेली आहे.

खरी अडचण भोवऱ्यांना जागेवर ठेवण्याची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांचा गट अतिशीत सूक्ष्मदर्शकाने एकेक भोवरा टिपतो. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरात भोवऱ्यांची शिस्तबद्ध जाळी क्षेत्र वाढवल्यावर वितळून द्रवासारखी होते, हे त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. बिट असे वाहू लागले तर हिशोब कसला! शिवाय भोवरा हलला की उष्णताही निर्माण होते. नाशिकच्या हॉस्पिटलांतल्या एमआरआयच्या सुपरकंडक्टर तारेतही म्हणूनच मुद्दाम दोष ठेवून भोवरे अडकवलेले असतात.

आणि आकार? भोवऱ्याचा चुंबकीय पसारा साधारण १०० नॅनोमीटरच्या घरात, म्हणजे आजच्या ट्रान्झिस्टरपेक्षा मोठाच. वर थंड ठेवण्याचं बिल वेगळं. त्यामुळे हे तंत्र तुमच्या मोबाइलमध्ये येणार नाही. आलंच तर आधीच थंड ठेवाव्या लागणाऱ्या क्वांटम कॉम्प्युटरच्या शेजारी.