नकोसे विचार आणि मित्राचे काम

आडाच्या काठावर उभे राहून पोहरा सोडताना कधी तुमच्या मनात आले आहे का, की ‘आपणच आत उडी टाकली तर?’ जीव द्यायची इच्छा मुळीच नसते. घरी भाकरी वाट पाहत असते, बैल तहानलेले असतात. तरी तो विचार येतो, अंगावर काटा उभा राहतो, आणि आपण पाऊलभर मागे सरतो. बहुतेक माणसे पोहरा ओढतात आणि विसरून जातात. पण एखाद्याला हे विसरता येत नाही. कोयत्याला धार लावताना त्याला वाटते, हा आपल्याच हातून लेकराला लागला तर? देवापुढे हात जोडले की नेमकी शिवी आठवते. मग तो कोयता माळ्यावर टाकतो, देवळात जायचे सोडतो, आणि रात्री अंथरुणात स्वतःलाच विचारीत राहतो, ‘मी असा कसा?’

एके दिवशी हा गृहस्थ तुमच्यापाशी येऊन बसतो. काय सांगाल त्याला?

या प्रश्नाचा विचार ज्यू धर्मपरंपरेने फार जुन्या काळापासून केलेला आहे. ज्यू म्हटले की आपल्याला लांबचे वाटतात. पण कोकणातल्या श्रोत्यांना ते परके नाहीत. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजे हेच, बेने इस्राएल. पेणकर, केहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे, आणि घरची भाषा मराठी.

ज्यूंच्या धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ म्हणजे तालमूद. त्यात राव अम्मी आणि राव अस्सी या दोन पंडितांचा एक मतभेद नोंदलेला आहे. मनुष्याच्या मनात चिंता शिरली तर काय करावे, याविषयी शलमोनाच्या नीतिवचनांत एक वचन आहे. हिब्रू लिपीत मुळात स्वरचिन्हे लिहीत नसत. त्यामुळे मोडीचा कागद वाचताना आपली जशी गंमत होते, तशी तेथेही होते. त्या वचनातले एकच क्रियापद दोघांनी दोन तऱ्हांनी लावले. एकाने म्हटले, चिंता मनाबाहेर सारावी. दुसऱ्याने म्हटले, ती दुसऱ्याला सांगावी.

आता पहिल्या उपायाची अडचण तुमच्या लगेच ध्यानात आली असेल. वैद्याने बजावले, औषध घेताना माकड मनात आणू नकोस. आणि त्या बिचाऱ्याला जन्मात कधी नव्हे ते वाटीवाटीत माकड दिसू लागले. ही गोष्ट आपल्या आजीलाही ठाऊक होती. अमेरिकेत डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली तिचा रीतसर प्रयोग केला. त्याच्याकडे माकडाऐवजी पांढरे अस्वल होते, इतकेच! विचार दाबावा तर तो उसळून वर येतो.

मग ‘मनाबाहेर सारणे’ म्हणजे काय? याचा उलगडा रशियातील हसिदी पंथाचे गुरू श्नेऊर झाल्मन यांच्या ‘तान्या’ ग्रंथात चांगला सापडतो. तो १७९६ साली छापला गेला. (योगायोग असा, की मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर सामुएल दिवेकर यांनी उभारले, तेही याच साली.) त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कामात किंवा प्रार्थनेत नको तो विचार आला, तर त्याच्याशी झटापट करू नये. चिखलाने माखलेल्याशी कुस्ती खेळलात, तर तुम्हीही माखणार. त्याला उत्तर देऊ नये, पुरावे मागू नयेत. ऐकलेच नाही असे समजून हातातले काम पुढे चालू ठेवावे. आणि अशा विचाराचे दुःखही करू नये. ‘माझ्या मनात असे आलेच कसे’ या हळहळीत, ते म्हणतात, थोडा अहंकारच असतो. माणूस स्वतःला साधुसंत समजून बसलेला असतो. सामान्य माणसाच्या मनात हे यायचेच. मला हे मत फार मोलाचे वाटते. १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी निरोगी माणसांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनातही असले विचार येतात, असेच दिसून आले.

दुसरा उपाय, म्हणजे सांगण्याचा, तो मित्राशिवाय होत नाही. तालमूदातच रब्बी योहानान यांची एक कथा आहे. ते आजारी स्नेह्याकडे जात. उपदेश नाही, प्रवचन नाही. ‘हे दुःख तुला हवेसे आहे का?’ एवढे विचारीत. ‘नको, आणि त्याचे फळही नको,’ असे तो म्हणाला की ‘हात दे’ म्हणून त्याला उठवीत. पुढे स्वतः योहानान आजारी पडले, तेव्हा रब्बी हनीना आले आणि त्यांनी योहानानांना तसेच हात देऊन उठवले. शिष्यांनी शंका काढली, की जो दुसऱ्याला उठवतो त्याला स्वतःला उठता येऊ नये? उत्तर मिळाले, की कैद्याला आपल्या तुरुंगाचे दार आतून उघडता येत नाही.

तेव्हा मित्राचे ऐका, दचकू नका. ‘असं माझ्याही मनात येतं कधीकधी’ हे खरे असेल तर सांगून टाका. आणि ऐकलेले पारावर किंवा शाळेच्या शिक्षकदालनात नेऊ नका. एकाने सांगितलेले, त्याने ‘सांग’ म्हटल्यावाचून दुसऱ्याला सांगू नये, असा तालमूदाचा स्पष्ट दंडक आहे.

एक खाचखळगा मात्र सांभाळा. तो पुन्हापुन्हा विचारील, ‘मी वाईट नाही ना? माझ्या हातून काही होणार नाही ना?’ पहिल्यांदा मोकळेपणाने उत्तर द्या. दहाव्यांदा देऊ नका. प्रत्येक दिलासा घटकाभर पुरतो आणि पुढचा प्रश्न जन्माला घालतो. धर्मनिष्ठ ज्यू घरांतही हे दिसते: दुधाचे आणि मांसाचे भांडे एकमेकांस लागले का, म्हणून तीच शंका रब्बीकडे वारंवार नेणारी माणसे असतात. शहाणा रब्बी एकदाच निर्णय देतो. तुम्ही म्हणा, ‘बाबा रे, याचं उत्तर तुला ठाऊक आहे. चल, वैरण टाकायची आहे.’ आणि माळ्यावरचा कोयता हळूहळू खाली येऊ द्या. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये सुरू केलेली उपचारपद्धती याच वाटेने जाते. पण त्रास रोजचे काम अडवू लागला, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी. बाराव्या शतकातले मैमोनिदीस धर्मपंडित होते आणि वैद्यही. मनाने आजारी असलेल्याने मनाच्या वैद्याकडे जावे, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे.

आणखी एक भेद ओळखा. वर सांगितलेला माणूस आपल्या विचाराला भितो. पण कोणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ म्हणू लागला, देणीघेणी निस्तरू लागला, फवारणीच्या औषधाची बाटली जवळ ठेवू लागला, तर ती गोष्ट वेगळी. येथे वाट पाहायची नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथही मोडावा, असे ज्यू शास्त्र सांगते. त्याला एकटे सोडू नका, बाटली दूर करा, जिल्हा रुग्णालयात न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की बोलता येते.

शेवटी शिक्षकबंधूंसाठी एक गणित. तालमूद म्हणतो, भेटीला येणारा आजाऱ्याच्या दुःखाचा साठावा हिस्सा घेऊन जातो. एका पंडिताने लगेच विचारले, मग साठ जण पाठवले की रोगी बरा? दुसरा म्हणाला, तसे नव्हे. प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो. साठ भेटींनंतर किती दुःख शिल्लक राहील, हे वर्गात पोरांना काढायला सांगा. उत्तर शेकडा ३६ च्या थोडे वर येते.