संगीतातलं संशोधन: सौंसर पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात घर करून बसलेले काही गैरसमज

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातून संगीतात एम.ए. करायला निघालेली मुलं-मुली बहुतेक नागपूरची वाट धरतात. काही ग्वाल्हेरला जातात, तर काही खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात. ते 1956 पासून केवळ संगीत आणि इतर कलांसाठी चालतं. गळा तयार असतो, तबल्याचे कायदे-रेले हातात बसलेले असतात. मग 'संशोधन पद्धती'चा पेपर समोर येतो आणि अवसान गळतं. हा विषय गाण्याशी कसा जोडलेला आहे हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. त्या पोकळीत गैरसमज वाढतात आणि चांगली मुलं वाया जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"आमच्याकडची भजनं हा काय प्रबंधाचा विषय झाला?"

विषय म्हटला की घराणं, राग, नाहीतर एखादे मोठे पंडित, अशीच समजूत असते. वस्तुस्थिती अशी की मराठीत अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताला स्वतःचं शास्त्र आहे हे ग्रंथ लिहून मांडलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. गाणाऱ्या होत्या शेतकरी-कष्टकरी बाया. आज जगभरातले अभ्यासक तो संग्रह वापरतात.

आणि आपला पट्टा तर मुद्दाम शोधून सापडणार नाही असा आहे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत-कचेरीत हिंदी, डोंगराकडे गेलं की गोंडी. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) विदर्भात घरोघर पोहोचवलेली खंजिरी सरहद्दीपाशी थांबली नाही. ज्या माणसाला या तीनही भाषा कानावरून कळतात, त्याच्याइतका लायक संशोधक बाहेरून आणता येत नाही.

"विषय जितका मोठा, तितका प्रबंध वजनदार"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. 'सौंसर तालुक्यातील लोकसंगीताचा चिकित्सक अभ्यास' असं शीर्षक घेऊन सिनॉप्सिस येते. त्यात पहिलं प्रकरण संगीताची उत्पत्ती, दुसरं तालुक्याचा भूगोल, आणि गाणं येतं ते चौथ्या प्रकरणात, तेही यादी म्हणून. ही माहितीची गोळाबेरीज झाली. संशोधनाला प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की त्याचं उत्तर काय येईल हे आधी ठाऊक नसावं.

एक उदाहरण धरून बघू. गावातलं भजनी मंडळ अभंग म्हणतं, पण चाल घेतं सिनेमाच्या गाण्याची. "भेसळ झाली" म्हणून जाणकार नाक मुरडतात आणि विद्यार्थीही असली भजनं वगळून 'जुनी, अस्सल' शोधायला निघतो. माझ्या मते इथेच खरा विषय हातचा जातो. मोठ्या अभंगाची अक्षरं ठरलेली असतात: सहा, सहा, सहा आणि चार. सिनेमाच्या चालीची ओळ त्या मापाची नसते. मग मुख्य गायक काय करतो? कुठे एखादं अक्षर चार मात्रा ताणतो, कुठे 'हो', 'रे', 'देवा' घालून जागा भरतो, कुठे शेवटची चार अक्षरं दोनदा घेतो. कधी उलट होतं, चालच मोडून घेतली जाते. शब्द वाकतात की चाल वाकते, आणि खंजिरीवाला ते सांभाळून घेताना सम कुठे धरतो, हा प्रश्न झाला. दोन मंडळं, दहा-बारा भजनं आणि एक हंगाम एवढ्यात त्याला हात घालता येतो. प्रत्येक भजनाची मूळ चाल आणि मंडळाची चाल मात्रेवार एकाखाली एक लिहून काढायची, आणि ज्या मात्रेवर फरक पडला तिथे खूण करायची. मग गायकालाच विचारायचं, "इथे तुम्ही असं का घेतलं?" पुष्कळदा तो असं कारण सांगतो की जे कुठल्याच पुस्तकात नसतं.

"मोबाईलवर रेकॉर्ड केलं, म्हणजे झालं फील्डवर्क"

रेकॉर्डिंग हा कच्चा माल आहे. व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी 1944 साली मैकल डोंगरातल्या गाण्यांचं पुस्तक काढलं. काम मोलाचं, पण हाती लागतात ते इंग्रजीत उतरवलेले शब्द. चाल त्यातून परत उभी करता येत नाही. ओव्यांच्या कामातही आधी शब्दच लिहिले गेले. बर्नार बेल यांनी 1990च्या दशकात ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर गळे जतन होऊ लागले. आज खिशात यंत्र आहे, तरी चुका होतातच. फोन आवाज दाबून साठवतो आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवला की आणखी दाबतो. मुद्रण वेव्ह फाईलमध्ये करावं. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, प्रसंग आणि कोण काय वाजवतंय ते बोलून ठेवावं. वहीत त्याच रात्री लिहावं: सुरुवात कुणी केली, मध्येच कोण उठून गेलं, लय कधी चढली.

आणि परवानगी. कॉपीराइट कायद्यात 1994च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कलाकार म्हणून स्वतःचे हक्क आहेत. मंदिरात सगळ्यांसमोर गायलं म्हणून ते तुमचं होत नाही.

"नोटेशन लिहिलं की गाणं कागदावर आलं, नाहीतर सॉफ्टवेअर सांगेलच"

भातखंडे पद्धतीनं लिहिलेली बंदिश ज्यानं ऐकलेली आहे त्याला आठवण करून देते. न ऐकलेल्याला सांगाड्यापलीकडे फार मिळत नाही. मंडळातला गायक गंधारावर जे हलकं घसरतो ते 'ग' या अक्षरात मावत नाही.

मोजमापाचा मोहही जुना आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं बावीस श्रुतींची गणितं मांडली, श्रुतींची हार्मोनियम करवली. 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर तीव्र मतभेद झाले. पुढे 1963 साली नाझीर जैराजभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादन मोजलं, तेव्हा एकच कलाकार एकाच मैफलीत तोच स्वर वेगवेगळ्या उंचीवर लावतो असं दिसलं. आज अॅमस्टरडॅमच्या भाषाशास्त्रज्ञांनी बोलण्याच्या अभ्यासासाठी बनवलेलं 'प्राट' फुकट मिळतं आणि स्वराची रेघ काढून देतं. पण आठ गळे, पेटी आणि ढोलक एकत्र असले की त्या रेघेवर विसंबता येत नाही. मुख्य गायकाचा माइक वेगळा हवा, किंवा त्याच्याकडून नंतर एकट्यानं गाऊन घ्यायला हवं.

"संशोधक तटस्थ असतो"

विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) पेशानं वकील. 1904 साली दक्षिणेत गेले, नंतर देशभर फिरले, विद्वानांना प्रश्न विचारले, उत्तरं डायरीत टिपली. संगीतातल्या क्षेत्रीय कामाचा याहून चांगला वस्तुपाठ आपल्याकडे नाही. तरीही न शिकलेल्या उस्तादांविषयीची त्यांची अढी लिखाणातून दिसते. जानकी बाखले यांनी 2005च्या ग्रंथात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. तेव्हा आपण स्वतः मंडळात पेटी वाजवत असू, तर प्रबंधात ते सरळ सांगावं. त्यानं प्रबंध कमकुवत होत नाही; वाचणाऱ्याला आपण कुठे बसून ऐकलं ते कळतं.

"इंग्रजीशिवाय संशोधन नाही"

भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत लिहिले. संगीताचे प्रबंध आजही मराठीत आणि हिंदीत स्वीकारले जातात. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विचारून घ्यावा. इंग्रजी वाचता यायला हवं, एवढं खरं.

"दहा टक्क्यांपर्यंत उचललं तर चालतं"

यूजीसीच्या 2018च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्याचा हा अर्थ लावला जातो. तो चुकीचा आहे. किरकोळ जुळणाऱ्या वाक्यांसाठी ती सूट आहे. दुसऱ्याची कल्पना नाव न देता घेतली तर ती अर्ध्या टक्क्यातही चोरीच. 2022च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान 12 क्रेडिट लागतात आणि त्यात प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा पेपर आहे, तो मन लावून करावा. सिनॉप्सिस लिहिण्याआधी 'शोधगंगा'वर आपल्या विषयाचे प्रबंध उघडून पाहावेत. आणि काम संपल्यावर मुद्रणाची एक प्रत मंडळाला द्यावी, मंडळाची हरकत नसेल तर दुसरी एखाद्या संग्रहालयात ठेवावी. 1982 पासून लोकसंगीताची मुद्रणं जपणारं, आता गुरुग्रामला असलेलं केंद्र देणाऱ्याच्या अटी पाळून अशी मुद्रणं ठेवून घेतं.