खुनी आधीच ठाऊक असताना

छोटा पडदा, मोठे नट : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण १९५०च्या दशकात न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होणाऱ्या टीव्ही नाटकांविषयी बोललो. त्या पर्वाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेला एक नट आज घेऊ : पीटर फॉक. टीव्हीवर गाजलेली भूमिका नटाला गिळून टाकते, असं सर्रास मानलं जातं. फॉकने एकच भूमिका पस्तीस वर्षांच्या अवधीत पुन्हा पुन्हा केली आणि तिच्याच बळावर सिनेमात हवं ते करण्याची मोकळीक मिळवली.

त्याचा जन्म १९२७ सालचा, न्यूयॉर्कमधला. तीन वर्षांचा असताना कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. तरुणपणी त्याने व्यापारी जहाजावर आचाऱ्याचं काम केलं. १९५३ मध्ये सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प खात्यात हार्टफर्डला नोकरी धरली. नाटकाचं वेड मात्र सुटत नव्हतं. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियेन या नामवंत अभिनेत्री व्यावसायिक नटांचा वर्ग घेत. आपणही व्यावसायिक नट आहोत अशी थाप मारून फॉक त्या वर्गात बसला. दर खेपेला उशीर का होतो, असं बाईंनी विचारल्यावर हार्टफर्डहून गाडी हाकत येतो, हे त्याला सांगावं लागलं. हार्टफर्डला नाटक कुठलं, हा बाईंचा पुढचा प्रश्न. मग त्याने आपण नट नसल्याचं कबूल केलं. ‘मग व्हायला हवं,’ अशा अर्थाचं त्या बोलल्या आणि त्याने नोकरी सोडली. हा प्रसंग तो पुढे आवडीने सांगत असे.

कोलंबिया स्टुडिओचे प्रमुख हॅरी कोन यांनी त्याला नाकारलं. तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ (१९६०) आणि ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (१९६१) या चित्रपटांसाठी फॉकला लागोपाठ दोन ऑस्कर नामांकनं मिळाली.

आता कोलंबोकडे येऊ. लॉस एंजेलिस पोलिसांतला हा लेफ्टनंट रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकजोडीने घडवला. फॉकच्या आधी बर्ट फ्रीडने तो टीव्हीवर आणि थॉमस मिचेलने रंगमंचावर साकारला होता. १९६८ च्या ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ या टीव्हीपटासाठीही आधी बिंग क्रॉस्बीला विचारणा झाली होती. त्याने नकार दिला आणि भूमिका फॉककडे आली. १९७१ च्या शरद ऋतूत एनबीसीवर नियमित मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग दिग्दर्शित केला होता पंचविशीच्या आतल्या स्टीव्हन स्पीलबर्गने.

रहस्यकथा म्हटली की खुनी शेवटच्या पानावर कळायचा, याची बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेल्या मराठी वाचकाला सवय आहे. ‘कोलंबो’त खून कोणी केला आणि कसा केला, हे प्रेक्षक सुरुवातीलाच पाहतो. नायक तर त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो. त्यामुळे रहस्याचा सगळा भार दोन माणसांच्या बोलण्यावर पडतो. एकीकडे श्रीमंत, सुशिक्षित, स्वतःच्या हुशारीवर विसंबलेला खुनी. दुसरीकडे चुरगळलेला रेनकोट घालून आपल्या बायकोविषयी बोलत राहणारा पोलीस. ही बायको पडद्यावर कधी दिसत नाही. प्रसंग बेताचा असेल तर ही मांडणी लगेच कोसळते. ती तगते ती नटांच्या जोरावर.

फॉकचं मोठेपण मला इथे दिसतं. चित्रीकरण चालू असताना तो मध्येच खिसे चाचपून पेन्सिल शोधायचा, संहितेत नसलेला एखादा प्रश्न टाकायचा. समोरचा नट खरोखर गोंधळायचा आणि ती चलबिचल पडद्यावर यायची. रेनकोट त्याचा स्वतःचा होता. जुनी प्यूजो गाडीही त्यानेच निवडली होती. १९७३ च्या ‘एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म’ या भागात डोनाल्ड प्लेझन्सने वाइनवर जीव टाकणारा खुनी उभा केला आहे. त्याला पकडायचं म्हणून कोलंबो वाइनचा अभ्यास करतो. अखेरीस त्याला घेऊन जाताना कोलंबो गाडी थांबवतो आणि त्याच्यासाठी आठवणीने आणलेली वाइन ओततो. त्या निवडीला खुनी मनापासून दाद देतो. पोलीस आणि गुन्हेगार यांच्यातला इतका सभ्य निरोप टीव्हीवर मी दुसरा पाहिलेला नाही.

याच वर्षांत फॉक नट-दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसबरोबर अगदी वेगळं काम करत होता. ‘हजबंड्स’ (१९७०) मध्ये दोघे एकत्र होते, ‘कोलंबो’च्या एका भागात कॅसाव्हेटिस खुनी झाला. मग आला ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’. मनाचा तोल ढळत चाललेली मेबल आणि बांधकामावर मुकादमी करणारा तिचा नवरा निक. असल्या विषयावर पैसे लावायला स्टुडिओ तयार नव्हते. कॅसाव्हेटिसने घर गहाण टाकलं, फॉकने स्वतःचे पाच लाख डॉलर घातले. टीव्हीने दिलेल्या कमाईचा याहून चांगला उपयोग मला सांगता येणार नाही.

त्यातला निक पाहिला की कोलंबोचा मागमूस राहत नाही. कोलंबो प्रत्येक शब्द ऐकतो. निकला बायकोचं ऐकताच येत नाही. तो तिच्यावर प्रेम करतो, तिला शोभेल तसं वागायला सांगतो, ओरडतो, हात उगारतो. फॉकने त्याला कुठेही गोंडस केलेलं नाही, तरी निकचा तिरस्कार करणं अवघड जातं.

१९८७ मध्ये विम वेंडर्सने ‘विंग्ज ऑफ डिझायर’मध्ये त्याला पीटर फॉक म्हणूनच बर्लिनमध्ये फिरवलं. तिथली पोरं त्याला कोलंबो म्हणूनच ओळखतात. तो मात्र पूर्वी देवदूत होता, असं निघतं. त्याच वर्षी ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये तो आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवणारा आजोबा झाला. १९८९ मध्ये ‘कोलंबो’ एबीसीवर परतली आणि या भूमिकेसाठी त्याला चौथं एमी मिळालं. शेवटचा भाग २००३ मध्ये आला, तेव्हा तो पंचाहत्तरीचा होता. २०११ मध्ये बेव्हर्ली हिल्सला त्याचं निधन झालं.

मेबल साकारणाऱ्या जेना रोलंड्सविषयी आज मुद्दाम लिहिलं नाही. त्या भूमिकेने तिला ऑस्कर नामांकन मिळवून दिलं, आणि वितरक मिळेना तेव्हा कॅसाव्हेटिसने तो चित्रपट स्वतःच थिएटरांपर्यंत पोहोचवला. ती हकीकत पुढच्या लेखांकात.