पोलीस पाटील ते शून्य क्रमांकाची फिर्याद

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवतीचे गाव असल्यामुळे, गळीत हंगामात बाहेरगावाहून येणाऱ्या ऊसतोड मजुरांनाही पोलिसांच्या सेवांची माहिती असणे निकडीचे ठरते. गावपातळीवर यातील पहिला दुवा म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 अन्वये नेमलेला हा स्थानिक रहिवासी गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्याला कळवतो आणि तपासात साहाय्य करतो.

तातडीच्या प्रसंगी 112 हा क्रमांक, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हा क्रमांक उपलब्ध असून, दुसऱ्या प्रकारात विलंब जितका कमी, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 मात्र स्थलांतरित मजुरांसाठी विशेष मोलाचे आहे, कारण दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाविना अटक करू शकतात असा गुन्हा, कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून घेणे बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते, नोंदीची प्रत विनामूल्य मिळते, आणि नोंद नाकारल्यास लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते. हा शेवटचा हक्क प्रत्येक मुकादमाने आपल्या टोळीला समजावून सांगायला हवा.

चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बोलावताना स्त्रियांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना राहत्या ठिकाणाबाहेर येण्याची सक्ती कलम 179 नुसार करता येत नाही.