नवरंग आला, हे कसं कळतं?

बाळांनो, मे सरत आला, आभाळ भरून यायला लागलं की आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एक पाहुणा उतरतो. त्याचं नाव नवरंग. मैनेपेक्षा लहान, शेपटी अगदी आखूड. पाठ हिरवी, पंखांवर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. हिवाळा त्याने दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढलेला असतो. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, पण एवढासा जीव रात्रीच्या अंधारात उडत इथवर येतो. कधी कधी थकून एखाद्या इमारतीच्या गॅलरीतही सापडतो.

येतो तो पिल्लांच्या पोटासाठी. पाऊस पडला की जंगलातला पालापाचोळा भिजतो, त्याखाली गांडुळं आणि किडे वळवळायला लागतात. नवरंग टुणटुण उड्या मारत ओली पानं उलटवतो आणि चोचीत खाऊ भरून घेतो. घरटं काटक्या-पानांचं, गोल. जमिनीवर नाहीतर खालच्या फांदीवर. पावसाळा संपला की स्वारी परत दक्षिणेला.

एकट्या माणसाला एवढी गोष्ट कधीच दिसत नाही. उद्यानातल्या कान्हेरीच्या वाटेवरचा माणूस म्हणणार, आज आला. केरळातला म्हणणार, आमच्याकडून गेला. दोघांच्या नोंदी एका जागी आल्या की मधला प्रवास उलगडायला लागतो. हे एकत्र आणण्याचं काम ‘ईबर्ड’ नावाचं संकेतस्थळ करतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेने आणि ऑड्युबॉन सोसायटीने ते २००२ मध्ये सुरू केलं. कुठे फिरलात, किती वाजता, किती वेळ, कोणते पक्षी, किती, एवढं मोबाइलवर भरायचं, की तुमची यादी जगाच्या वहीत जाते.

यादी पाठवताना ईबर्ड एक प्रश्न विचारतं: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? मला हा प्रश्न फार आवडतो. ‘हो’ म्हणायचं तर कावळा लिहायला हवा, कबूतर लिहायला हवं. पुष्कळ जण फक्त नवा पक्षी, म्हणजे त्यांचा ‘लायफर’, तेवढा टिपतात आणि घरी येतात. तिथे मोठं नुकसान होतं. समजा, एका आठवड्यात आलेल्या शंभर पूर्ण याद्यांपैकी पाचांत नवरंग आहे आणि पुढच्या आठवड्यात शंभरांतल्या चाळीसांत. म्हणजे नवरंगांची आवक सुरू झाली! पण हे कळलं कशामुळे? ज्यांना तो दिसलाच नाही, त्यांच्याही याद्या होत्या म्हणून. ईबर्ड प्रत्येक महिन्याचे चार भाग करतं. वर्षाच्या त्या ४८ उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या, की पाहुणा कधी आला, कधी गेला, ते चित्रात दिसतं.

अशाच नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल उभा राहिला. २०२३ च्या अहवालात तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या आणि ९४२ जातींचा हिशेब होता.

नोंद कोणाचीही मोलाची असते, बरं का. सालिम अली लहान असताना, १९०६-०७ च्या सुमारास, त्यांनी तबेल्यातल्या चिमण्यांच्या घरट्याविषयी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. मादी आत अंड्यांवर, नर दाराशी. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बंदुकीने नर टिपला, तर थोड्याच वेळात मादीला दुसरा जोडीदार मिळाला! सात दिवसांत आठ नर गेले आणि दर वेळी नवा हजर. त्या मरणाचं मला आजही वाईट वाटतं. पण पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या पक्षितज्ज्ञाने म्हातारपणी आत्मचरित्रात ती नोंद जशीच्या तशी दिली, कारण तिच्यात डोळ्यांनी पाहिलेलंच होतं. आज बंदूक लागत नाही, दुर्बीण पुरते.

नवरंगाचं घरटं दिसलं तर मात्र जवळ जायचं नाही, फोनवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलवायचंही नाही. आणि संध्याकाळी मुलुंडवरून पोपटांचा थवा गेला, तर ‘पुष्कळ’ असं लिहू नका. आधी दहा पोपट मोजा, थव्यातली तेवढी जागा डोळ्यांत धरा, आणि तशा किती जागा भरतात ते पाहून आकडा टाका.