आधी चव, मग बारसे

चंदेरी पाकीट, हवा काढून घट्ट मिटवलेले. वजन एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. वर नाव नसते. ‘एचबीसी’ ही अक्षरे आणि पुढे तीन आकडी क्रमांक, एवढीच ओळख. आत कोंबड्यांच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या बारीक हिरव्या कांड्या. अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या हौशी माणसाच्या हाती असे पाकीट पडले की तो दोन कांड्या तळहातावर चुरडतो, ओंजळ नाकाशी नेतो आणि वहीत काहीतरी लिहून ठेवतो. हा हॉप नवा आहे, त्याचे बारसे अजून व्हायचे आहे. ते व्हावे का, आणि या वासाला म्हणायचे तरी काय, हे ठरण्यात स्वयंपाकघरातल्या अशा वह्यांचाही वाटा असतो.

वेल आणि पिवळी धूळ

बिअरला लागतात चार गोष्टी: पाणी, माल्ट, यीस्ट आणि हॉप. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात माल्ट समजावून सांगावे लागत नाही. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, भाजायचे, भरडायचे. ही भरड गरम पाण्यात तासभर मुरली की तिच्यातल्या पिठाची साखर होते. गाळून निघणारा गोड काढा म्हणजे वॉर्ट. नुसता आंबवला तर तो मिळमिळीत गोडसर लागेल. त्याला कडूपणा, वास आणि टिकाऊपणा देतो तो हॉप. हॉपच्या कडवटपणामुळे पेय लवकर नासत नाही, हे जर्मनीतल्या बिंगेनच्या हिल्डेगार्ड या मठवासिनीने बाराव्या शतकातच लिहून ठेवले होते.

हॉप ही भांगेच्या कुळातली वेल, पण नशेशी तिचा संबंध नाही. दर वर्षी जमिनीतल्या खोडातून ती नव्याने फुटते आणि दोरीला उजवे वेढे घालत पाच-साडेपाच मीटर उंच चढते. नर वेल वेगळी, मादी वेगळी. बिअरला लागतात ते मादी वेलीचे पोपटी, पाकळ्यापाकळ्यांचे शंकू. शंकू उकलला की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी धूळ दिसते. तिचे नाव ल्युपुलिन, आणि सगळी किमया तिच्यात.

या धुळीत दोन प्रकारचा ऐवज असतो. अल्फा आम्ले उकळल्यावर रूप बदलतात आणि बिअर कडू होते. सुगंधी तेलांचे उलट. उकळीत ती वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचा हॉप सुरुवातीला पडतो आणि वासासाठीचा अगदी शेवटी, किंवा बिअर आंबून झाल्यावर थंडच. हळद फोडणीत आणि कोथिंबीर वरून, हा आपला हिशेब तिथेही चालतो.

क्रमांक ५६०१३

नव्या हॉपची आणि घरगुती बिअरची सोयरीक कशी जुळली, हे कळायला कॅस्केडची गोष्ट पुरेशी आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस येथे सरकारी कृषी खात्याचे हॉप संशोधन चालते. तिथे १९५६ मध्ये जमवलेल्या बियांतून एक वेल निवडली गेली. तिच्या पूर्वजांत इंग्लंडचा फगल आणि रशियाचा सेरेब्रियांका. तिला क्रमांक मिळाला ५६०१३, आणि पुढची सोळा वर्षे ती त्याच क्रमांकाने ओळखली गेली.

मोठ्या कारखान्यांना तिची गरज वाटेना. त्यांना हवा होता जर्मनीच्या हालरटाऊ भागातला सौम्य, सुसंस्कृत हॉप. पण तिथल्या वेलींना मर रोगाने ग्रासले तशी परदेशी मालावर विसंबण्याची भीती वाटू लागली, आणि १९७२ मध्ये ५६०१३ चे कॅस्केड हे नामकरण झाले. वास ग्रेपफ्रूटच्या सालीचा, थोडा फुलांचा. जुन्या जाणकारांना तो रांगडा वाटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एल या बिअरमध्ये तोच रांगडेपणा उघडपणे मिरवला.

कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्या सुमारास केन ग्रॉसमन नावाचा तरुण घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवत होता. १९७६ मध्ये उघडलेल्या त्या दुकानातून पुढे सिएरा नेवाडा ही ब्रूअरी उभी राहिली आणि १९८० मध्ये तिची पेल एल तयार झाली. तिचा प्राण होता कॅस्केड. अमेरिकन बिअर म्हटल्यावर जगाला जो वास आठवतो, तो नावारूपाला आणण्यात असा घरी बिअर करत मोठा झालेला माणूस होता.

गंमत म्हणजे ग्रॉसमन यांचे दुकान सुरू झाले तेव्हा घरी बिअर करणे अमेरिकेत बेकायदेशीरच होते. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरगुती वाइनला मुभा मिळाली, पण कायद्यात बिअर राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर; प्यायला, पाजायला मुभा, विकायला मनाई. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या बोल्डर येथे चार्ली पापाझियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन केली. तरी अंतिम मुभा राज्यांच्या हाती होती. मिसिसिपी आणि अलाबामा यांनी ती दिली थेट २०१३ मध्ये.

वर्षानुवर्षांची उमेदवारी

आज अमेरिकेतला बहुतेक हॉप वॉशिंग्टन राज्याच्या याकिमा खोऱ्यात पिकतो. मळ्यात उंच खांब, तारा, तारांवरून लोंबणाऱ्या दोऱ्या. ऑगस्टच्या अखेरीस काढणी सुरू होते आणि सप्टेंबरभर खोऱ्याला हॉपचा वास येतो.

नवी जात घडवणारा आधी निवडक नराचे पराग निवडक मादीच्या फुलोऱ्यावर टाकतो. बियांतून हजारो रोपे उगवतात आणि तिथून गळती सुरू होते. पहिली परीक्षा रोगाची. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराची झोप उडवणारी भुरी आणि केवडा ही जोडी हॉपच्या मळ्यातही असते. फक्त बुरशी वेगळ्या. रोपे मुद्दाम भुरीच्या तोंडी दिली जातात आणि जी माना टाकतात ती उपटली जातात. उरलेल्यांत नर-मादी ओळखायचे, मग उत्पन्न किती, काढणीयंत्रात शंकू फुटतात का, साठवणीत वास टिकतो का, हे पाहायचे. हजारांतली एखादी वेल क्रमांकापर्यंत पोचते. सिट्रा या आज मातब्बर झालेल्या हॉपचा संकर १९९० मध्ये झाला आणि तो बाजारात यायला सतरा-अठरा वर्षे गेली.

वेल निरोगी आहे, भरघोस आहे, एवढ्याने भागत नाही. तिची बिअर कशी होते? प्रयोगशाळेचे यंत्र तेलांची टक्केवारी सांगते, चव सांगत नाही. यीस्ट आंबवताना या तेलांनाही हात लावते. गुलाबासारख्या वासाचे जेरॅनिऑल त्याच्या हातून लिंबासारख्या सिट्रोनेलॉलमध्ये बदलते. म्हणून पाकिटातला वास आणि पेल्यातला वास यांची भेट होईलच असे नाही. बिअर करूनच पाहावी लागते. मोठ्या ब्रूअरीला एक घाणा फसला तर हजारो लिटर ओतून द्यावे लागते. घरातल्याचे नुकसान एकोणीस लिटरचे.

एक माल्ट, एक हॉप

एकोणीस लिटर म्हणजे पाच गॅलन. घरगुती घाण्याचे हे ठरलेले माप. नवा हॉप जोखायचा तर पाककृती जितकी साधी तितकी बरी: एकच माल्ट, एकच हॉप, आणि स्वतःचे काही न बोलणारे एल यीस्ट. साडेचार किलो फिका माल्ट ६६-६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवायचा, गाळून वॉर्ट उकळायचा, तोही तासभर.

इथे पहिला सापळा आहे. कॅस्केडमध्ये अल्फा आम्ल साधारण साडेपाच टक्के. नव्या हॉपमध्ये चौदा असू शकते. कॅस्केडचे २५ ग्रॅम जेवढा कडूपणा देतील तेवढा हा दहा ग्रॅममध्ये देतो. जुन्या मापाने टाकला तर काडेचिराईत तयार! जाणता ब्रूअर म्हणून सुरुवातीला चिमूटभरच टाकतो, मोठा वाटा आच बंद केल्यावर आणि उरलेला आंबवण अखेरीस आल्यावर. तीन दिवस हॉप थंड मुरतो, मग बाटल्या भरायच्या.

दुसरा सापळा हवेचा. आंबलेल्या बिअरला वारा लागला की हॉपचा वास मावळतो, रंग काळवंडतो, आणि चव भिजलेल्या पुठ्ठ्याची होते. तिसरा उजेडाचा. उन्हात ठेवलेल्या बिअरमध्ये हॉपच्या कडू द्रव्यापासून गंधकयुक्त घाण वास तयार होतो. तपकिरी बाटलीचे कारण हेच. अशा चुकांचा दोष बिचाऱ्या नव्या हॉपच्या माथी मारला जाऊ नये, म्हणून शहाणी माणसे वॉर्टचे तीन भाग करतात: एकात नवा हॉप, एकात ओळखीचा, एकात शेवटचा हॉप नाहीच. मग मित्रांपुढे तीन पेले ठेवायचे, दोनांत एकच बिअर, आणि वेगळा पेला कोणता ते ओळखायला सांगायचे. निम्म्यांना ओळखता आला नाही की यजमानाचा बराच अभिमान उतरतो.

नारळ, संत्रे आणि वाद

एचबीसी ४३८ हा असाच क्रमांकानिशी घरगुती ब्रूअरांच्या हातात पोचलेला हॉप. एचबीसी म्हणजे हॉप ब्रीडिंग कंपनी. याकिमा चीफ रँचेस आणि जॉन आय. हास या दोन जुन्या घराण्यांची भागीदारी. बहुतेक हॉप युरोपीय वंशाचे. याच्यात मात्र निओमेक्सिकानस या अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या डोंगरांतल्या रानवेलीचे रक्त आहे. बारशाआधीच ब्रूअरांनी त्याला ‘रॉन मेक्सिको’ हे टोपणनाव देऊन टाकले होते.

वास मात्र कोणाच्या कोष्टकात बसेना. संत्र्याच्या सालीचा होता, ते ओळखीचे. पण मागे नारळ, आणि त्यामागे देवदाराचे लाकूड, पुदिना, साय. हॉपला नारळाचा वास? कोणी वाखाणले, कोणी म्हणाले, समुद्रकिनाऱ्यावर अंगाला फासायचे मलम प्यायल्यासारखे वाटते. वह्यांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली: हा हॉप एकटा असला की घर डोक्यावर घेतो, सिट्रा किंवा मोझाइक या हॉपच्या सोबतीला थोडासा घातला की मैफल जमते. वेलची किती घालायची हे ज्याला कळते त्याला हा न्याय पटेल. २०१८ मध्ये त्याचे नाव ठरले: सॅब्रो.

आपल्या अंगणात

हॉपला भरघोस फुलायचे तर आधी उन्हाळ्यातला लांबच लांब दिवस लागतो, म्हणून तो मुख्यतः ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात रमतो. पुणे साडेअठरावर, आपल्याकडची वेल वाढेल, पण मनासारखी फुलणार नाही. भारतात हॉप पिकतो तो हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात. घरी बिअर करणेही महाराष्ट्रात गुन्हाच. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे मराठी माणसाची नव्या हॉपशी भेट होते ती परवानाधारक मायक्रोब्रूअरीत. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि तेव्हापासून मुंबई-पुण्यात पेल्यातल्या हॉपचे नाव फळ्यावर लिहिण्याची पद्धत रुळत गेली.

त्या फळ्यावर ‘ट्रॉपिकल’, ‘सिट्रस’, ‘पाइन’ असे साचेबंद शब्द असतात. ते दूरच्या नाकांनी दिलेले आहेत. ओल्या नारळाची करंजी, नागपुरी संत्र्याची नुकती सोललेली साल, कच्च्या करवंदाचा चीक हे वास आपल्या नाकाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, आणि हॉपच्या वहीत ते अजून कोणी फारसे लिहिलेले नाहीत. तेव्हा घेत असाल तर पुढच्या खेपेला एकाच हॉपची बिअर मागा, पेला नाकाशी न्या आणि फळा वाचण्याआधी स्वतःचा शब्द लिहून ठेवा.